पहिल्या पानावरचा शब्द

अन्याय अक्कांवर झाला. गेल्या कार्तिकातल्या दुसऱ्या सोमवारी, सकाळी आठच्या सुमारास, पापनाशमजवळच्या यात्रेकरूंच्या छत्रमात, म्हणजे धर्मशाळेत. केला मी. पत्रकात अपराधी कोण ते मी पहिल्याच ओळीत सांगते, मग इथे का लपवू?

आमची चार-पाच जणांची संघटना. देवळांच्या वाटेवर यात्रेकरूंचे हाल कसे होतात यावर पत्रकं काढतो. तक्रारी गोळा करायला मी तंजावूरहून बसने गेले आणि त्या छत्रमात दोन रात्री राहिले. तक्रार सापडेना. दाराशी पाय धुवायला पाणी, निजायला स्वच्छ चटई, सकाळी केळीच्या पानावर पोंगल आणि ताक. हे सगळं एकटीने चालवणाऱ्या अक्का आमच्यातल्याच, तंजावरी मराठी. पहिल्या पानावरचा माणूस जेवून उठेपर्यंत त्या स्वतः घास घेत नसत. उपवास असेल, असं मी धरून चालले. विचारलं नाही.

पहिल्या सकाळी मी दाराजवळच्या पहिल्या जागेवर बसले, तर अक्का म्हणाल्या, "ऊठ ग. ती जागा तुज नव्हे. तूं अम्चीच, तूं मागून."

मी फुगले. बाहेरच्यांना आधी आणि घरच्यांना मागून, हा कुठला न्याय?

सोमवारी त्या जागेवर एक म्हातारे विणकर बसले होते. कुंभकोणमपर्यंतची देवळं अनवाणी करत निघालेले. अक्का ताक आणायला आत गेल्या तेवढ्यात माझी नजर वर गेली. विणकरांच्या डोक्यावर, भिंतीवर, तमिळ अक्षरांत एकच शब्द रंगवलेला होता: परदेशी.

तमिळमध्ये परदेशी म्हणजे भिकारी. भांडणात तोंडावर फेकायची शिवी.

तक्रार सापडली! मला राग आला आणि, लाज वाटते सांगायला, आनंदही झाला.

"तिथं काय लिहिलंय, अम्मा? मला वाचता येत नाही," विणकरांनी तमिळमध्ये विचारलं.

"तुम्हाला भिकारी म्हटलंय," मी म्हणाले. मोठ्यानं, बाकीच्यांनाही ऐकू जाईल असं.

त्यांनी हातातला घास पानावर ठेवला. पान दुमडलं, उचललं आणि गेले. ताकाचं भांडं घेऊन अक्का बाहेर आल्या तेव्हा जागा रिकामी होती.

मंगळवारी पत्रक छापलं. "अन्न देता की अपमान?" बसस्टँडवर गठ्ठाच्या गठ्ठा वाटला. गुरुवारी एक प्रत अक्कांच्या हातात द्यायला गेले, ताठ मानेनं.

त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं. मग भिंतीकडे बोट केलं. "कोणच्या भाषेंत वाचलीस ग तें?"

"तमिळमध्ये."

"अक्षर तमिळ. भाषा?"

मी पुन्हा भिंतीकडे पाहिलं. आमच्या घरी किराण्याची यादीसुद्धा मराठीत असते, तमिळ अक्षरांत. देवनागरी तेव्हा मला येत नव्हती. ती मी या प्रकारानंतर शिकले. यादीतलं मीठ मी कधी तमिळ म्हणून वाचलं नाही. हा शब्द तेवढा वाचला. आमच्या मराठीत परदेशी म्हणजे परक्या गावाहून आलेला, वाटसरू. त्याला पहिलं पान. छत्रमाचा नेम तोच, आणि तो जेवल्यावर मग अक्कांनी जेवायचं. नव्या माणसाला त्या हा अर्थ हसत सांगत. त्या सकाळी सांगायच्या आत मी वाचून मोकळी झाले होते.

"पत्रक फार चांगलं लिवलीस हं," अक्का म्हणाल्या. "एकही चूक नाही. एक सोडून."

विणकरांना मी कुंभकोणमपर्यंत शोधलं. सापडले नाहीत. दुसरं पत्रक काढलं, चूक कबूल केली. ते कोणी वाचलं नाही. शिवी वाचायला लोक थांबतात. आता यात्रेकरू छत्रम टाळून पुढे जातात. अक्का रोज पहिलं पान मांडतात आणि वाट बघतात. कधी दुपार होते. नेम मोडत नाहीत. मी जाऊन बसते, म्हणते, मला वाढा. "तूं अम्चीच," म्हणतात.

मी तिथे बसू शकत नाही. तुम्ही बसू शकता. पुण्याहून, नागपूरहून तंजावूरचं मोठं देऊळ बघायला तुम्ही येताच ना? मग दुसऱ्या दिवशी सकाळी पापनाशमची बस धरा. आठच्या आत पोचा, पाय धुवा, त्या शब्दाखाली बसा. अक्कांनी विचारलं तर म्हणा, मी परदेशी. आणि पोटभर जेवा, म्हणजे त्या जेवतील.