बाबांचा राजा, आईची लक्ष्मी

गेल्या रविवारी मी आणि माझा धाकटा भाऊ सुहास ठाण्याला गेलो होतो. एका शाळेच्या हॉलमध्ये जुन्या नाण्यांचं प्रदर्शन होतं आणि माझ्या पर्समध्ये, रुमालाच्या गाठीत, बाबांचं एक नाणं होतं...

बाबांना नाण्यांचा भारी नाद. ते गेल्यावर त्यांचा डबा माझ्याकडे ठाकुर्लीला आला. पण हे चांदीचं, अंगठ्याच्या नखाएवढं नाणं त्या डब्यात कधीच नव्हतं. ते देव्हाऱ्यात असायचं.

कल्याणच्या एका गृहस्थांना आपला अख्खा स्टॅम्पचा अल्बम देऊन बाबांनी ते घेतलं होतं. येईल त्याला सांगायचे, "रोमन आहे!" काका म्हणायचा, "दादा, अल्बम देऊन कोटाचं बटण आणलंस!" सगळे हसायचे, बाबाही हसायचे... पण मग नाणं हळूच मुठीत झाकून घ्यायचे. ती मूठ मी विसरले नाही.

नाण्यावर एकीकडे राजाचं डोकं, दुसरीकडे उभी बाई. आईच्या मते ती लक्ष्मीच. दर दिवाळीला तिला रांगोळीने घासून लख्ख करायची आणि तबकात, तांदळावर, बाई वर करून ठेवायची.

"अगं, रोमचा राजा आहे तो, पालथा काय घालतेस त्याला!"

"झोपू दे तुमच्या राजाला घटकाभर. आज पूजा लक्ष्मीची आहे."

हे दरवर्षी. ठरलेलं.

दोघं गेल्यावरही मी ते कुणाला दाखवलं नव्हतं. खरंच बटण निघालं तर? बाबा फसले होते, हे मला कळायला नको होतं. शेवटी सुहासच मागे लागला. रिक्षात म्हणाला, "ताई, खोटं निघालं तर रडायचं नाही हं. मिसळ खायची आणि घरी यायचं."

प्रदर्शनात कर्णिक नावाचे निवृत्त शिक्षक भेटले. त्यांनी नाणं छोट्या काट्यावर तोललं, कड पाहिली, भिंग लावलं... माझ्या मनात शाळेतली प्रार्थना सुरू झाली. इतक्या वर्षांनी, आणि तीही सिस्टरांनी शिकवलेली, इंग्रजीतली!

"अस्सल आहे," ते म्हणाले. "रोमन. सतराशे-अठराशे वर्षांपूर्वीचं."

मी खुर्चीत बसूनच घेतलं.

मग त्यांनी ते उलटवलं. "अरेरे... राजा छान राहिलाय, पण हिचे नाक-डोळे पार गेलेत. काय केलंत हो?"

मी चाचरत रांगोळीचं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. आईची बाजू घ्यायला म्हणून मग मी दिवाळीचं, तांदळाचं, लक्ष्मीचंही सगळं सांगून टाकलं.

त्यांनी पुन्हा भिंग लावलं आणि चक्क हसले. "तुमच्या आई फार चुकल्या नाहीत. ही रोमन लोकांची समृद्धीची देवी. हे बघा, हातातलं शिंग उपडं करून नाणी ओततेय."

भिंगातून मी पाहिलं. शिंगातून खाली पडणारे बारीक बारीक ठिपके... चेहरा नव्हता. तो आईच्या बोटांनी नेला होता. सुहासने माझ्या हातातून भिंग घेतलं आणि बराच वेळ परत दिलं नाही.

निघताना मी कर्णिक सरांना विचारलं, "हळदीकुंकू वाहिलं तर चालेल का?"

"खरं तर नाही," ते म्हणाले. "पण कोरडं, चिमूटभर वाहा. सवय असेल तिला. रांगोळी मात्र बंद!"

परतताना सुहासने फॅमिली ग्रुपवर फोटो टाकला... "बटण ओरिजिनल आहे." काकाचं उत्तर रात्रीपर्यंत आलं नव्हतं. सकाळी आलं. फक्त हात जोडलेले.

नाणं परत देव्हाऱ्यात ठेवलंय. आईबाबा आयुष्यभर त्यावरून भांडले आणि दोघांचंही बरोबर होतं. हे सांगायला धावत जावं, तर घरी दोघंही नाहीत...

म्हणून तुम्हाला सांगितलं.