‘उठू नको’ म्हणणारी माणसं

मातृत्व ही तपश्चर्या आहे, असं आमच्या तालुक्यातल्या प्रत्येक महिला मेळाव्यात कुणी ना कुणी माइकवरून सांगतं. तपश्चर्येत निदान बसता येतं. मला बसायचीही मनाई होती.

हे ठरलं खामगावला, सोनोग्राफीच्या खोलीत. सहावा महिना सरत आला होता, पोटात जुळी होती, आणि पडद्याकडे बघता बघता डॉक्टर मॅडम बोलायच्या थांबल्या. मग म्हणाल्या, “सर्व्हिक्स शॉर्ट झालंय. आज घरी जायचं नाही.”

सर्व्हिक्स म्हणजे गर्भाशयाचं तोंड. ते शेवटपर्यंत लांब आणि मिटलेलं राहावं लागतं. माझं आखूड होऊन उघडायच्या बेतात होतं. शिवाय जुळी मोनोकोरिऑनिक, म्हणजे दोघांत मिळून वार एकच. आत्ताच जन्मली तर वाचतील याची खात्री नाही, हे मॅडमनी न विचारता सांगितलं.

मी थोडंफार वाचून गेले होते. नुसतं झोपून राहिल्याने बाळंतपण लांबतंच असं नाही, असं मी म्हटलं.

“बरोबर वाचलंत,” मॅडम म्हणाल्या. “पण संग्रामपूरहून इथे पोचायला जो वेळ लागतो, तो तुमच्या हातात असेल असं मला वाटत नाही.”

वाद तिथेच मिटला. मी खाटेवर आडवी झाले.

सकाळी सिस्टर पोटावर यंत्र फिरवून ठोके शोधायची. एका बाळाचे लगेच सापडायचे. दुसऱ्याचे सापडेपर्यंत मी श्वास रोखून धरायची, आणि सिस्टर मला श्वास घ्या म्हणायची. माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो, खाटेखाली सतरंजी टाकून राहिल्या होत्या. नवरा शेतातली कामं आटोपून एक दिवसाआड यायचा, उभा राहायचा, पंख्याकडे बघायचा.

सकाळ बरी जायची. संध्याकाळी मात्र कॉन्ट्रॅक्शन सुरू व्हायचे. म्हणजे पोट आवळून दगडासारखं व्हायचं आणि सावकाश सुटायचं. लघवी तपासली, जंतू नव्हते. गोळ्या बदलल्या, पाणी वाढवलं. तरी रोज संध्याकाळी तेच. एका संध्याकाळी थोडं रक्त दिसलं. मग स्टेरॉइडची इंजेक्शनं दिली. ती बाळांची फुप्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून देतात. ती कशाची तयारी आहे हे मला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी मॅडम सहज भेटीच्या वेळेत वॉर्डात आल्या, आणि त्यांना कारण दिसलं. मी खाटेवरून अर्धी उतरून, डोक्यावर पदर घेऊन, एका चुलत आजेसासूबाईंच्या पाया पडत होते.

आमच्याकडे आजारी सून बघायला सगळं गाव येतं. वडीलधारं माणूस समोर आलं की तिने उठून पाया पडायचं. ते माणूस “उठू नको वं, उठू नको” म्हणतं, आणि म्हणता म्हणता एक पाऊल पुढे सरकतं, म्हणजे तिला फार वाकावं लागू नये. त्या संध्याकाळी जीपभर माणसं आली होती. आदल्या संध्याकाळीही.

“पोटावर एवढा ताण?” मॅडम म्हणाल्या. “आशीर्वाद लांबून द्या. पोचतात.”

बाकीच्यांनी ऐकलं. प्रश्न मोठ्या मामाजींचा होता. हे आत्याबाईंचे भासरे, म्हणजे माझ्या सासऱ्यांचे थोरले भाऊ. घरातलं शेवटचं बोलणं त्यांचं. ते कुठेही एकटे जात नाहीत. दवाखान्यातही चौघांना घेऊन आले. नारळ उशाशी ठेवला आणि पाय जुळवून खाटेजवळ उभे राहिले. माझं कोपर आपोआप गादीत रुतलं.

आत्याबाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खाली दाबलं. पदर डोळ्यांपर्यंत ओढलेला, नजर फरशीवर. भासऱ्यांसमोर त्यांचा आवाज इतक्या वर्षांत कुणी ऐकला नव्हता.

“नाही उठनार ते,” त्या म्हणाल्या. “पोटात दोन जीव हायेत तिच्या. ते वाचवू का तुमचा मान वाचवू, तुमीच सांगा.”

“म्या काई म्हटलं काय?” मोठे मामाजी म्हणाले, आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी कुणीच आलं नाही. तिसऱ्याही. नवऱ्याने चौकशी केली तेव्हा कळलं, मोठ्या मामाजींनी सांगून ठेवलं होतं, तिकडे कोणी जायचं नाही. हा राग की काय, ते विचारायची हिंमत कुणात नव्हती. आत्याबाई दोन दिवस नीट जेवल्या नाहीत.

माझं पोट मात्र संध्याकाळी शांत राहू लागलं. नमस्कार बंद केल्यानेच, असं मी छातीठोक सांगणार नाही. औषधंही चालू होती. पण सातवा महिना सरला. आठवा सरता सरता एकीची वाढ मंदावली, आणि मॅडमनी सिझेरियन केलं. दोन मुली. धाकटी आधी रडलीच नाही. वॉर्मरपाशी, म्हणजे बाळांना ऊब देणाऱ्या दिव्याखाली, बालरोगतज्ज्ञ तिच्यावर वाकले होते आणि मला फक्त त्यांची पाठ दिसत होती. मग मांजरासारखा आवाज आला. भूलतज्ज्ञ म्हणाले, “झालं.”

दोघी बरेच दिवस काचेच्या पेटीत होत्या. मग वजन भरलं.

तुमच्यापैकी कुणी आज अशा खाटेवर असेल, तर डॉक्टरांचं ऐकाच, पण भेटीच्या वेळी खाटेजवळ एक माणूस असा ठेवा, जो तुम्हाला खाली दाबून धरेल. मी मॅडमची ऋणी आहे, आणि आत्याबाईंची त्याहून जास्त.

घरी जायच्या दिवशी दारात जीप उभी होती. पुढे ड्रायव्हरशेजारी मोठे मामाजी, एकटेच. त्यांनी मुलींकडे बघितलं, आत्याबाईंकडे बघितलं नाही, आणि ड्रायव्हरला म्हणाले, “हळू चाल बे.”

संग्रामपूर येईपर्यंत कापसाने भरलेले दोन ट्रॅक्टर आम्हाला मागे टाकून गेले.