खिळ्यावरचा कोट

त्या दिवशी ताईने चिठ्ठीशिवाय गोळी घेतली असती, तर ती वाचली असती का?

शहापूरच्या डॉक्टरांना विचारलं, ते फाईल चाळायला लागले. औषध दुकानं तपासणाऱ्या साहेबांना विचारलं, त्यांनी चष्मा पुसला. आई म्हणाली, "जेव आधी." उत्तराऐवजी जो भेटतो तो ताईच्या मेडिकलचा एक किस्सा सांगतो. किन्हवलीच्या नाक्यावरून घरी येईपर्यंत दोन-तीन जमा होतात. गंमत म्हणजे निम्मे मी तिथे असतानाच घडलेले असतात, तरी मी पूर्ण ऐकून घेतो. तेवढा वेळ ती असते.

ताई आमच्या बुद्धविहाराजवळच्या वस्तीतली पहिली फार्मासिस्ट. मी आठवी नापास. दुकान तिचं, माल आणणं, खोके चढवणं आणि गिऱ्हाइकाशी भांडणं माझं.

*

दिल्लीहून नवे नियम आले. ठरावीक औषधं चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत, आणि दिली की पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव रजिस्टरमध्ये लिहायचं.

पहिल्याच दिवशी पाड्यावरच्या एका म्हाताऱ्याने ताईला नावं लिहिताना पाहिलं आणि तो औषध न घेताच पळाला. तासाभरात दुकानापुढे रांग. सगळ्यांच्या हातात आधार कार्ड आणि दोन-दोन फोटो. नावं लिहितायत म्हणजे नवीन योजना आली, असं पाड्यात पसरलं होतं!

ताईने समजावलं की हे फक्त आजारी माणसांसाठी आहे. सगळ्यांत पुढची जनीआजी हलायला तयार नव्हती. म्हणाली, "माजा गुडगा दुकतो. लिव."

ताईने शंभर पानी वही काढली आणि अख्खी रांग लिहून घेतली. नाव, गाव, दुखणं. पुढे कोणाची प्रेशरची गोळी संपत आली, हे ती त्याच वहीत बघायची आणि मला निरोप द्यायला पाठवायची.

*

फ्रिजचं तापमान सकाळ-संध्याकाळ लिहायचं, हाही नियम. एकदा लाईट गेली ती दुपारपर्यंत आलीच नाही. फ्रिजमध्ये इन्सुलिन. ताई सारखी तापमानाच्या काट्याकडे बघत होती. मला राहवलं नाही. बाजारातल्या मावशीची मासळीची बर्फपेटीच उचलून आणली. ताईने नाक दाबून बाटल्या कापडात गुंडाळल्या, प्लास्टिकच्या डब्यात घातल्या, डबा पेटीत ठेवला. तापमान बरोबर राहिलं.

दुसऱ्या दिवशी आमच्या शाळेचे जुने गुरुजी इन्सुलिन न्यायला आले. खोका हुंगून म्हणाले, "औषध चांगलंय गो बाय. पण घरात मांजर आहे माझ्या."

*

ताई गोळी द्यायला कधी चुकली नाही, पण कोट घालायला रोज चुकायची. फार्मासिस्टने पांढरा कोट घालून, नावाची पट्टी लावून हजर पाहिजे. तिला उकडायचं. कोट दाराआडच्या खिळ्यावर. साहेबांची गाडी मुरबाडच्या बाजूने यायची. नाक्यावर ती दिसली की मी ओरडायचो, "ताई, कोट!"

एकदा तिने घाईत बटणं एक-एक घर वर लावली. एक बाजू कानाशी, एक गुडघ्याशी. साहेब बघत राहिले. म्हणाले, "मॅडम, गोळ्या तरी बरोबर खोक्यात आहेत ना?"

तेव्हापासून कोटाबरोबर बटणं बघणंही माझ्याकडे आलं.

*

एकदा ती आसनगावला गेली होती आणि साहेब आले. मी म्हणालो, ताई मागे आहे, येतेच. साहेब बसले. चहा झाला. दुसरा झाला. मी मध्येमध्ये मागे जाऊन भिंतीशी बोलून येत होतो. शेवटी ताई रिक्षातून उतरली, समोरून, हातात भाजीची पिशवी.

मी डोळ्यांनी खुणा केल्या. ताई सरळ म्हणाली, "मी नव्हते साहेब. लिहा." साहेबांचं पेन चालेना, तर तिने स्वतःचं दिलं.

ते गेल्यावर मी चिडलो. ती म्हणाली, "आपुन लपवलं तर उद्या जनीआजीला चिठ्ठी आन म्हनून कोन्च्या तोंडाने सांगू रे?"

*

मग तिलाच ताप आला. शनिवार संध्याकाळ. शहापूरचे डॉक्टर किन्हवलीत सोमवारी येणार होते. मी कपाटातून एक स्ट्रिप काढून तिच्यापुढे धरली. म्हणालो, "घे ना गो. लोकांना येवड्यासाठीच देत होतीस ना आदी."

ती म्हणाली, "चिठ्ठी?"

मी स्ट्रिप फेकली जमिनीवर. तिने भिंत धरत उठून ती उचलली, पुसली, जागेवर ठेवली. मी तिला गाडीवर बस, शहापूरला चल म्हणालो, तर म्हणाली, साधा ताप आहे, सोमवारी दाखवू.

सोमवारी डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी वेगळीच होती. मी काढलेली नव्हती. हे मला माहीत आहे. तरी विचारतो.

ताप उतरला नाही, कल्याणच्या हॉस्पिटलात नेलं. गुरुवारी ती तिथेच गेली.

*

तिला घरी आणलं. बायांनी अंघोळ घातली. आमच्यात पांढरं नेसवतात, तर मामी नवी साडी घेऊन आली होती. नेसवून झाली. भन्ते आले, माणसं उभी राहिली. रांगेत जनीआजी, गुरुजी, मासळीवाली मावशी. दाराशी साहेबही होते, पायातल्या चपला हातात घेऊन.

मी गाडी काढली. आई मागून हाका मारत होती. दुकान उघडलं, दाराआड हात घातला, परत आलो.

मामी म्हणाली, "अरे, आता काय त्याचं?"

साहेब म्हणाले, "घालू द्या त्याला."

मी वाकलो आणि हळूच म्हणालो, "ताई, कोट."

बाही चढवली. पट्टी सरळ केली. मग खालच्या बटणापासून सुरू केलं, एकेक घर बघत, वरपर्यंत.