सगळ्या चाव्या एकाच खिळ्यावर

थंडीच्या दिवसांत पहाटे जाग आली की अजूनही मला आधी तो रस्ता दिसतो. नवा रायपूरकडे जाणारा, रुंद आणि सरळ. दोन्ही बाजूंना दिवे, खाली धुकं. गाडी चालते आहे असं वाटतच नाही. दिवेच एकेक करून मागे सरकत असतात. शेजारच्या सीटवर एक बाई शालीत गुरफटून झोपलेली आहे. अर्धवट झोपेत मी तिला हाक मारतो आणि ती वेळेवर उठते. खरं तर तसं झालं नाही.

तेव्हा मी रायपूरच्या भनपुरी भागात एका गोदामाचा मॅनेजर होतो. घरोघरी पार्सलं पोचवणारी कंपनी, डझनभर व्हॅन, तेवढेच ड्रायव्हर. मी विदर्भातला, बदलीवर आलेलो. गोदामाच्या एका भिंतीवर खिळ्यांची ओळ होती आणि प्रत्येक खिळ्यावर खडूने भागाचं नाव लिहिलेलं होतं. संध्याकाळी परतल्यावर ड्रायव्हर फाटकाबाहेर चहा प्यायचे, आपापसात काहीतरी बोलायचे, आणि घरी जाताना ज्याला उद्या जिथे जायचं असेल तो त्या खिळ्यावर आपली चावी अडकवून जायचा. सकाळी मी फक्त वाचायचो. जुन्या शहरातल्या बूढ़ापाऱ्याच्या खिळ्यावर बहुतेक एकाचीच चावी असे. तो त्याच गल्ल्यांत वाढला होता, तलावाकडच्या बोळातून व्हॅन उलटी बाहेर काढायचा. दुपारी आपल्या घरी जेवायचा. नवा रायपूरच्या खिळ्यावर नेहमी दादांची.

दादा आमच्यातले वयाने मोठे. वडील रेल्वेत होते म्हणून दोन पिढ्यांपूर्वी हे घर नागपूरकडून इथे आलेलं. मी रुजू झालो त्या दिवशी त्यांनी सगळ्यांसमोर मला मराठीत विचारलं, "कुठचे हा तुम्ही, साहेब?" मी हिंदीत उत्तर दिलं. कोणाला वाटू नये की साहेब आपल्या भाषेच्या माणसाला जवळ करतो. त्यानंतर दादाही माझ्याशी हिंदीत बोलू लागले. ती भाषा मी बंद केली, तेव्हा मला ते न्यायाचं वाटलं होतं.

नवा नियमही तसाच न्यायाचा वाटला. नवा रायपूरची फेरी सोपी. मोकळे रस्ते, मोठ्या इमारती, गर्दी नाही. ती एकाच माणसाला का? मी वरच्यांना सुचवलं की फेऱ्या आठवड्याने बदलाव्यात, कोणी कुठे जायचं ते आदल्या संध्याकाळी मोबाईलवर यावं, आपसातली अदलाबदल बंद. शिवाय पार्सलं मोबाईल दाखवेल त्याच क्रमाने द्यावीत, पुढचं आधी आणि आधीचं मागून असं चालणार नाही. वरच्यांनी माझं कौतुक केलं. मी ओल्या फडक्याने खडूची नावं पुसली. मोकळ्या खिळ्यांकडे बघून मला स्वच्छ वाटलं, हेही सांगायला हवं.

ड्रायव्हर आधी समजावायला आले. बूढ़ापारावाला म्हणाला की साहेब, माझ्या गल्लीत एखादा नवा पोट्टा अडकेल आणि लोक मला घरातून बोलावतील. सगळे हसले, मीही हसलो. मी सांगितलं की सवय होईल. दादा मागे उभे होते. सगळे गेल्यावर त्यांनी हिंदीतच विचारलं की मला तेवढी नवा रायपूरची फेरी ठेवता येईल का, घरची अडचण आहे. मी विचारलं नाही, कसली. नियम म्हणजे नियम, असं काहीतरी बोललो. ते मान हलवून गेले.

दोन-तीन आठवडे कुरकुर चालली. पार्सलं उशिरा जायची, नको तिथे फिरून यायची, आणि मी ते अंगवळणी पडण्याच्या खात्यात टाकत होतो. मग एका सकाळी गोदामात आलो तर भिंत रिकामी. माझ्या टेबलामागे एक खिळा होता, त्यावर मी डब्याची पिशवी अडकवायचो. सगळ्या व्हॅनच्या चाव्या त्या एका खिळ्यावर होत्या, सुतळीत ओवलेल्या, झेंडूच्या हारासारख्या. ड्रायव्हर बाहेर ओट्यावर शेकोटीभोवती बसले होते. कोणी घोषणा दिली नाही. एक जण आत डोकावून एवढंच म्हणाला, "साहब, आज की ड्यूटी आप ही लगा लीजिए."

मला राग आला नाही, आलं ते एक विचित्र हलकेपण. मला वाटलं, हे काम काय अवघड आहे ते यांना दाखवू. नवा रायपूरच्या गाडीत रात्रीच माल भरलेला होता. मी सुतळीतून तिची चावी सोडवली आणि निघालो.

तेलीबांधाच्या तलावावर धुकं एवढं की पाणी कुठे संपतं ते कळत नव्हतं. बसथांब्याशी एका बाईने हात केला, अगदी ओळखीचा हात, आणि मी थांबलो. तिने दार उघडलं, डबा पायाशी ठेवला, मग माझ्याकडे बघून दचकली. हिंदीत म्हणाली की ही गाडी तर आमच्या घरच्यांची असायची. माझ्या तोंडून मराठीत निघून गेलं, "बसा, बसा."

"मराठी हा का तुम्ही?" तिचा चेहरा सैलावला. "नवे दिसता."

मी हो म्हणालो. त्या एका शब्दावर पुढचं सगळं उभं राहिलं.

ती बोलत राहिली आणि मला एकेक कळत गेलं. ती दादांची बायको. नवा रायपूरच्या एका सरकारी कार्यालयाच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटायला जायची. तिकडे सकाळच्या बसचा भरवसा नाही, म्हणून दादा रोज तिला व्हॅनमधून आधी कँटीनवर सोडत आणि मग पार्सलं वाटत. फेऱ्या बदलल्यापासून ती कधी ऑटो, कधी बस, कधी कोणाच्या मागे बसून पोचत होती, आणि उशीर होत होता. कँटीनच्या ठेकेदाराने सांगून टाकलं होतं.

"म्हणे आता एक डाव बी उशीर झाला, तं येऊच नको. बरं झालं बाई, आज तुम्ही भेटले." मग थोड्या वेळाने, आईने मुलाला सांगावं तसं, "एक सांगू का भाऊ? त्या साहेबासोबत वाद नका घालजा. असे लोक नव्या माणसाले पहिले काढते."

मी समोर बघत राहिलो. काचेवर धुकं बसत होतं आणि वायपर ते पुसत होता. मी सांगणार होतो. पुढच्या दिव्यापाशी सांगू, असं म्हणता म्हणता दिवे जात राहिले. गाडीच्या उबेत तिचे डोळे मिटले. मला आठवतं, त्या क्षणी मी सुखी होतो. रस्ता, धुकं, शेजारी विश्वासाने झोपलेलं माणूस. असं वाटलं की हे संपूच नये.

मग मोबाईल वाजला. पहिलं पार्सल उजवीकडच्या वसाहतीत होतं, कँटीनच्या आधी. दादा असते तर सरळ गेले असते. तिने आताच ऐकवलेली गोष्ट माझ्या कानात ताजी होती, आणि तरी मी उजवीकडे वळलो. क्रम मोडायचा नाही हा माझाच नियम. दोन मिनिटांचं काम, असं स्वतःला म्हणालो. फाटकावरच्या पहारेकऱ्याने नाव लिहून घेतलं. घरात कोणी दार उघडेना. मग उघडलं तर त्यांच्या फोनवर येणारा ओटीपीचा आकडा येईना, आणि तो टाकल्याशिवाय माझा मोबाईल पुढे सरकेना. धुक्यात मी एका अनोळखी दाराशी पार्सल छातीशी धरून उभा होतो. ते तिथेच टाकून धावत सुटावं एवढी साधी गोष्ट मला सुचली, आणि मी ती केली नाही.

परत आलो तेव्हाही ती झोपेतच होती. कँटीनशी पोचेपर्यंत धुकं विरलं होतं आणि लोक नाश्ता करून हात पुसत बाहेर येत होते. ती जागी झाली, बाहेर बघितलं, आणि तिला सगळं समजलं.

"झोप लागली मले," ती म्हणाली. "तुमची काय चूक." डबा उचलून ती उतरली. आत जाताना पळाली नाही, त्यावरून मी ओळखायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी चाव्या सुतळीतच होत्या. मी दादांना आत बोलावलं. पहिल्यांदाच मराठीत बोललो. म्हणालो, दादा, नवा रायपूरची फेरी तुमची, कायमची.

"मले एकट्याले नको, साहेब. द्यायचं तं सगळ्याईले द्या. अन् आता तिकडं न्यायचं तरी कोणाले?"

काल गाडी कोण चालवत होतं ते त्यांना माहीत होतं, सगळ्या गोदामाला माहीत होतं. ते त्यावर एक शब्दही बोलले नाहीत.

मी त्याच दुपारी वरच्यांना फोन केला. खूप भांडावं लागेल म्हणून मुद्दे जुळवून ठेवले होते. पलीकडचा माणूस म्हणाला, ठीक आहे, जुनं चालू द्या. एवढंच. ज्या नियमासाठी मी वळलो होतो तो कोणालाच नको होता. संध्याकाळी खडू घेऊन मी भागांची नावं पुन्हा लिहिली. चहा संपवून एकेक जण आला आणि आपली चावी अडकवून गेला. दादांनी नवा रायपूरच्या खिळ्यावर अडकवली. बूढ़ापारावाल्याने मला नंतर सांगितलं की दादा तेलीबांधाशी आले की त्या बसथांब्यापाशी गाडी अजून हळू करतात. थांबत नाहीत.

पुढच्या वर्षी मी पंडरीच्या कापडबाजारात बायकोबरोबर साड्या घ्यायला गेलो. दुकानात गादीच्या कडेला बसून एक बाई उलगडलेल्या साड्यांच्या घड्या घालत होती. तिने मान वर केली आणि ओळखीचं हसली.

"काय भाऊ, टिकली का नोकरी?"

माझी बायको माझ्याकडे बघू लागली. मग मला कळलं की मी कोण ते दादांनी तिला कधी सांगितलंच नव्हतं. घरात त्यांनी मला नवा ड्रायव्हरच राहू दिलं होतं.

"टिकली," मी म्हणालो.

"बरं झालं. मले लागून होती चिंता," असं म्हणून तिने पुढची साडी ओढली, पदराशी पदर जुळवला आणि हाताने सपाट केली.