मुंडावळ्यांचा लेयर

ताईनं गुडगावच्या तिच्या ऑफिसातल्या एका सरदारजींशी कोर्टात लग्न केलं, तेव्हा दिल्लीत कुणी भुवई उंचावली नाही. आर. के. पुरमच्या सरकारी वसाहतीत आमच्या एका जिन्यावर निम्मा देश राहायचा. गाडी अडली ती सांगलीत. तिथे आमची आत्या होती. बाबांची आई लवकर गेली, तेव्हापासून तिनंच त्यांना वाढवलं, आणि आमच्या घराण्यातल्या प्रत्येक लग्नाच्या मुंडावळ्या ती स्वतः ओवायची. बाजारच्या मुंडावळ्या तिला चालायच्या नाहीत. ताईच्या लग्नाला ती आली नाही आणि मुंडावळ्याही आल्या नाहीत.

बाबा दर रविवारी तिला फोन लावायचे. पाऊस, गुडघे, हळदीचा भाव, सगळं बोलणं व्हायचं, ताईचं नाव मात्र ती काढायची नाही. मग बाबा फोन ठेवून कितीतरी वेळ त्याच्यावरची धूळ पुसत बसायचे. धूळ नसायचीच. मला ते बघवायचं नाही, आणि आत्याचा असा राग यायचा की सांगता सोय नाही.

मी तेव्हा कॉम्प्युटरवर फोटो जोडण्याचा कोर्स करत होते. तो काळच तसा होता, दर दुसऱ्या तळघरात कसला ना कसला कोर्स निघालेला. नेहरू प्लेसहून सुटे भाग आणून जुळवलेला एक कॉम्प्युटर आमच्या जेवणाच्या टेबलावर विराजमान झाला होता आणि आम्ही चौघं खाली मांडी घालून जेवत होतो. ताई गुडगावला गेल्यावर तिघं.

एकदा भाजी निवडता निवडता आई म्हणाली, "कोर्टातल्या त्या फोटोत दोघांना मुंडावळ्या घालता येतील का गं? वन्संना एकदा तरी बघू दे."

"मला यातलं काही सांगू नका," बाबा म्हणाले आणि येऊन माझ्या खुर्चीमागे उभे राहिले.

चुलत बहिणीच्या लग्नाचा फोटो क्लासमध्ये स्कॅन करून आणला. त्यात तिच्या नवऱ्याचं तोंड भटजींच्या हाताआड गेलेलं, त्यामुळे नवरीच्याच मुंडावळ्या तेवढ्या स्पष्ट मिळाल्या. आमच्या सरांचा पहिला नियम होता, "मैडम, पहले डुप्लिकेट लेयर बनाओ, असली को हाथ मत लगाना." लेयर म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद. वरच्या कागदावरचं नको ते खोडलं की त्यातून खालचं दिसतं. आणि खाली काहीच नसेल, तर तिथे करड्या-पांढऱ्या चौकटी दिसतात. पारदर्शक झाल्याची ती खूण.

"ही मागे मोरीची फरशी कशाला घातलीस?" आईनं विचारलं.

"फरशी नाहीये ती. तिथे काहीच नाहीये."

"काहीच नाही, तर दिसतंय कसं?"



मी आपली बाहेरून छान रेघ ओढून मुंडावळ्या कापल्या आणि ताईच्या कपाळावर ठेवल्या. तर मोत्यांच्या दोन सरांमधून चुलत बहिणीची अर्धी भुवईसुद्धा पाहुणी आलेली! कुठलीही गोष्ट कापताना बाहेरची कड सोपी असते, जीव जातो तो मधल्या फटींत, हे मला तेव्हा कळलं. मग फोटो इतका मोठा केला की एकेक मोती लाडवाएवढा दिसायला लागला, आणि बारीक खोडरबरानं मण्यामण्यातली फट साफ करत बसले. मोती खोडला जायचा, मी पुन्हा आणायचे. कडाही किंचित विरघळवाव्या लागायच्या, नाहीतर कात्रण डिंकानं चिकटवल्यासारखं दिसतं. बाबा मागून "डावीकडे एक केस राहिलाय" म्हणायचे. त्यांना यातलं काही सांगायचं नव्हतं ना!

सगळं जमलं आणि मी ते कात्रण जेपेग म्हणजे साध्या फोटोच्या फाइलमध्ये सेव्ह केलं. ते उघडून जिजाजींच्या पगडीवर ठेवलं, तर चौकटी गायब आणि कपाळावर पांढरी शुभ्र पट्टी. माणूस अपघातातून उठून लग्नाला आल्यासारखा दिसत होता. सर खो खो हसले. "इसमें ट्रांसपेरेंट कुछ बचता ही नहीं, मैडम." नशीब, लेयरवाली फाइल मी पुसली नव्हती. तिच्यातून मुंडावळ्या पुन्हा उचलल्या, एक जोड ताईला लावला, त्याचीच नक्कल थोडी ताणून जिजाजींच्या पगडीवर बसवली. प्रिंट इतका सुरेख आला की आईनं माझी दृष्ट काढली. फोटो कुरियरनं सांगलीला गेला.

पुढच्या रविवारी बाबांनी फोन लावायच्या आत फोन वाजला. आत्याला मी हवी होते.

"मुंडावळ्या माझ्या हातच्या आहेत," नमस्कार-चमत्कार काही न करता तिनं सुरुवात केली. "तुझ्या चुलत बहिणीच्या. नवरीला मी हिरवे गोंडे लावते आणि नवऱ्याला लाल. तू दोघांनाही हिरवे लावलेस. दोन नवऱ्या शेजारी उभ्या केल्यास, त्यातल्या एकीला दाढी!"

दिल्लीत वाढलेल्या मला गोंड्यांचे हे कायदे कुठून ठाऊक असणार? "आत्या, तो डुप्लिकेट लेयर..." एवढंच माझ्या तोंडून निघालं. आई तोंडाला पदर लावून उभी. बाबांचा चेहरा एवढा उतरला की मला आमच्या सगळ्या उपद्व्यापाची शरम वाटली.

पलीकडे फोटोचा कागद वाजला. मग आत्या म्हणाली, "पोरगा हसरा आहे."

"हो," मी म्हटलं.

"माझी भाची उसन्या मुंडावळ्या घालून मिरवायची नाही. जावयाच्या पगडीचा घेर मोजून कळव. माझी नेहमीची दोरी त्याला पुरायची नाही."

मी ते मोठ्यांदा जसंच्या तसं म्हणून दाखवलं. बाबांनी रिसीव्हर घेतला. ते नुसतेच "हो अक्का, हो अक्का" म्हणत राहिले आणि मी स्वयंपाकघरात जाऊन मनसोक्त रडले. इतका आनंद मला कुठल्या परीक्षेच्या निकालानं दिला नव्हता.

दुपारी आम्ही आईची शिवणाची टेप घेऊन बसनं गुडगावला गेलो. ताईच्या नव्या सोसायटीला अजून रस्ताही नव्हता, त्यामुळे शेवटचा भाग मातीतून चालत. हे मोजमाप कशासाठी, हे जिजाजींना समजेना आणि मुंडावळ्यांना हिंदीत काय म्हणतात ते बाबांना सुचेना. ते टाचा उंचावून जिजाजींच्या पगडीभोवती टेप गुंडाळत होते.

"सीधे खड़े रहो बेटा," ते म्हणाले. "एक इंच भी कम पड़ा, तो मेरी बहन हम दोनों को घर में नहीं घुसने देगी."