नाकेदारांनी टाकलेली राणी

नाकेदारकाका पहिलं पान नेहमी पालथं ठेवत. स्पर्धा असो की चहाच्या कपांमध्ये मांडलेला रविवारचा डाव असो, उतारी त्यांची असली की पान टेबलावर पालथं यायचं आणि ते माझ्याकडे बघून विचारायचे, "काही इचारायचं हाय, बाई?" मी म्हणायचे, "नाही काका, सुलटं करा." मगच ते पान उलटायचे. ब्रिजचा तसा नियमच आहे, पण आमच्या गोंदियाच्या क्लबात तो पाळायला वेळ कोणाला होता? लोक पान दाणकन आपटायचे. काका म्हणायचे, "पालथं हाय तवर पान आपलं हाय. सुलटं झालं का दुनियेचं."

ज्यांना पत्त्यातलं काही कळत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ब्रिजमध्ये समोरासमोर बसलेले दोघं जोडीदार असतात. एक जोडी बोली लावते की आम्ही अमुक इतके हात करू. दुसऱ्या जोडीनं ती बोली मोडायची. पहिली उतारी मोडणाऱ्यांची असते आणि त्यानंतर बोलीवाल्यांपैकी एकाची सगळी पानं टेबलावर उघडी मांडली जातात. बोली करण्यात रुबाब असतो. मोडण्यात नुसती मेहनत, कारण जोडीदाराशी एक अक्षर बोलायची सोय नाही. काकांना ही मोडायची बाजूच आवडायची.

ते वनखात्यात होते. आमच्याकडे जंगलाच्या रखवालदाराला नाकेदार म्हणतात, आणि निवृत्त होऊन कित्येक वर्षं झाली तरी त्यांचं तेच नाव राहिलं. ब्रिज ते नागझिऱ्याच्या जंगलातल्या विश्रामगृहात शिकले, तेही चहा देता देता. पावसात रस्ता बंद पडला की अडकलेले साहेब लोक पत्ते काढायचे. एकदा तिघंच होते, चौथा मिळेना. मोठ्या साहेबांनी हाक मारली, "नाकेदार, पत्ते आते हैं क्या?" दोन पावसाळे खुर्चीमागे उभं राहून पाहिलेला माणूस खुर्चीवर बसला, आणि पहिल्याच डावात त्यानं मोठ्या साहेबांची बोली मोडली. किलवरचीच उतारी काऊन केली, असं साहेबांनी विचारलं तेव्हा काका म्हणाले, "साहेब, तुमी तीनदा बोलले, पन किलवरचं नाव नाही काढलं." ही गोष्ट काका दर महिन्याला सांगायचे आणि मी दर महिन्याला नव्यानं ऐकल्यासारखं करायचे.

आमची जोडी जमली ती नाइलाजानं. मी शाळेत गणित शिकवते, कुडव्याहून स्कूटीवर क्लबात यायचे. मला बाई म्हणून कोणी जोडीला घेईना आणि त्यांना नाकेदार म्हणून. पहिल्या दिवशी मला चांगलं पान लागलं म्हणून मी ते जरा जोरात ठेवलं. काकांनी आपली पानं खाली ठेवली आणि सगळ्यांसमोर मला झापलं. "पान हरू ठेवा, बाई. जोरात ठेवलं का ते पान नाही राहत, बोलनं होते. पानानं सांगावं, हातानं नाही." कान लाल झाले माझे. पण त्या दिवसापासून मी एकही पान आपटलेलं नाही, आणि वर्गात खडूसुद्धा हळू ठेवते.

आपल्याकडे त्या रंगाचं पान नसलं की कुठलं पान टाकून द्यायचं, हा त्यांचा खास विषय. नवशिके तिथं सगळ्यात भिकार पान टाकतात. काकांना ते बघवायचं नाही. "मारलेलं पान समदे पाह्यते," ते म्हणायचे, "टाकलेलं पान फक्त जोडीदार पाह्यते. ते चिठ्ठी हाय. कोरी चिठ्ठी कायले धाडता?" एक छोटीशी दुर्री टाकून ते मला सांगायचे की माझ्याकडे इकडे काही नाही, तू तिकडे बघ. मी वर्षभर त्या चिठ्ठ्या वाचायला शिकले. त्या माणसानं मला एकदाही खोटी चिठ्ठी धाडली नाही.

मग त्यांचे डोळे गेले. म्हणजे एकदम नाही. मोतीबिंदू काढला, तरी पडद्याचं दुखणं राहिलंच. बदाम आणि चौकट दोन्ही लाल, तिथं त्यांचा गोंधळ व्हायला लागला. एका डावात बदाम चालू होतं, हातात बदाम असतानाही त्यांनी चौकट टाकलं. ब्रिजमध्ये याला दंड असतो. दंड बसला, आम्ही हरलो.

त्याच सुमारास नागपूरच्या स्पर्धेसाठी क्लबाचा संघ ठरत होता. एका जोडीची जागा उरली होती. क्लबाचे अध्यक्ष राईस मिलवाले शेठ, मनानं वाईट माणूस नाही, पण त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "मॅडम, आप अच्छा खेलती हो. काका को अब आराम करने दो. डॉक्टरसाब के साथ जोड़ी बना लो." मी म्हटलं, जाईन तर काकांसोबतच. शेठ म्हणाले, "ठीक है. इतवार को हमारे साथ एक मॅच खेलो. जीत गए तो काका नागपूर जाएँगे." मी ऐटीत हो म्हणाले खरी, पण स्कूटी सुरू करताना मनात आलंच की काका पुन्हा चुकले तर? ते मनात आलं याची लाज मला आजही वाटते.

रविवारी अर्धा क्लब खुर्च्या ओढून बघायला बसला. शेवटच्या डावापर्यंत आम्ही बरोबरीत होतो. त्या डावात शेठनी तेरापैकी नऊ हातांची बिनहुकमी बोली केली. उतारी माझी. माझ्याकडे बदामाची पाच पानं होती, राजा, राणी, गुलाम आणि दोन लहान. मी राजा पालथा ठेवला आणि विचारलं. काका म्हणाले, "सुलटं करा."

राजाचा हात माझा झाला, राणीचाही झाला. शेठ एक्का दाबून बसले होते. तिसऱ्यांदा मी गुलाम खेळले. आता काकांनी बदाम दिलं नाही. त्यांनी चौकटची राणी टाकली.

खुर्च्या करकरल्या. मागून कोणी तरी "अरे!" म्हणालं. आमच्या बाजूनं चौकटचं सगळ्यात मोठं पान तेच असणार होतं आणि ते असं फुकट गेलं होतं. मी नियमाप्रमाणे विचारलं, "काका, बदाम नाही?" नियमाप्रमाणे म्हणते खरी, पण मला मागचा दंड आठवत होता. काका म्हणाले, "नाही." शेठना वाईट वाटलं. "काका, वापस ले लो. बगल का पत्ता निकल गया होगा. चलेगा." काकांनी मान हलवली. "पडलं ते पडलं."

शेठनी बदामाचा एक्का मारला आणि इस्पिकचे हात ओढायला सुरुवात केली. माझी इस्पिकं दोनच हातांत संपली आणि मला दोन पानं टाकायची पाळी आली. माझ्याकडे किलवरची राणी होती, सोबत दोन छोटी पानं. आणि चौकटची तीन, गुलाम, दश्शी, नश्शी. ही राणी शाबूत ठेवून चौकटची नश्शी आणि दश्शी टाकणं हेच कोणीही केलं असतं. काकांची राणी चुकून पडली असेल तर त्या दोघींचा मला काही उपयोग नव्हता. पण ती चिठ्ठी असेल तर?

मी काकांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते, त्यांनी कधीच बघितलं नाही. बोटांनी उरलेली पानं चाचपत होते. मी दोन्ही वेळा किलवर टाकलं.

शेठनी चौकटचा एक्का खेळला, राजा खेळला, आणि तिसऱ्यांदा चौकट आलं तेव्हा हात माझा झाला. मग माझी दोन लहान बदामं निवांत टेबलावर उतरली. शेठना एक हात कमी पडला, बोली मोडली. काकांची राणी हातात राहिली असती तर शेठनी एक हात तिला देऊन टाकला असता, आणि काकांकडे बदाम नसल्यामुळे माझी बदामं माझ्या हातातच वाळली असती. राणी माझ्या वाटेत बसली होती. म्हणून त्यांनी ती उठवली.

शेठ उठून काकांच्या पाया पडले. माझी छाती इतकी फुगली होती की पानं गोळा करायचंही सुचेना.

बाहेर स्कूटीपाशी काका म्हणाले, "बाई, मी नागपूरले नाही येत."

मी चिडले. आज जिंकलो, राणी तुम्ही जाणून टाकली, मग काय झालं, असं बरंच काही बोलले. ते ऐकून घेत होते. "जानूनच टाकली. पन हातात रानी हाय का दुर्री, हे तीनदा मोजूनशान समजलं. तिथं चार दिवस मोजत बसू? डाक्टरचे डोरे चांगले हाय." मग थांबून म्हणाले, "आज रानी हातात धरून बसलो असतो त काय झालं असतं?"

गणिताची बाई मी, मला उत्तर येत होतं.

"आता पोरीकडे राहाले जाऊन राहिलो, कोहमाऱ्याले," ते म्हणाले. "शेठले अजून सांगतलं नाही. पान पालथंच हाय. काही इचारायचं हाय?"

विचारायचं खूप होतं. मी एकच विचारलं, "करमेल का तिकडे?"

"जंगल हाय ना जवर. तिथं मी कानानंच पाह्यतो."

रस्त्यावरून दोन ट्रक गेले. मला रडू येत होतं आणि त्यांना ते दिसत नव्हतं, तेवढं एक बरं होतं.

"सुलटं करा, काका," मी म्हटलं.

नागपूरला मी डॉक्टरांसोबत खेळले. एका डावात मी किलवरचा राजा टाकून दिला आणि डॉक्टरांचा रस्ता मोकळा केला. बोली मोडली. समोरचे मोठ्या क्लबातले गृहस्थ चष्मा काढून बघायला लागले. "मॅडम, हे कुठं शिकलात?"

"नागझिऱ्यात," मी म्हणाले.

ते हसले, त्यांना गंमत वाटली. पुढची उतारी माझी होती. मी पान पालथं ठेवलं, हळू.