बोहनीचा बॉक्स

नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही, आणि देवापुढे हात जोडते तेव्हाही मी या विषयाला बगल देते — म्हणजे ऐकणारे तुम्ही पहिलेच. आणि गंमत बघा, सांगायला बसले तर आधी हसूच येतंय. कारण तो दिवस माझ्या आयुष्यातल्या एकदम झकास दिवसांपैकी एक होता! तिथेच तर सगळी गोम आहे.

रेणापूरला आमचं किराणा दुकान, दुकानामागे घर. घरात मामा — म्हणजे माझे सासरे — आणि मामांचा टीव्ही. लाकडी पेटीचा, भला मोठा, मागे ढेरी सुटलेला. दर खंडेनवमीला मामा दुकानातल्या तराजूला, स्कूटरला आणि या टीव्हीला तीन बोटं विभूती ओढायचे. त्यांना एका कानानं ऐकूच येत नाही, दुसऱ्यानं थोडंसं. म्हणून रोज सकाळी स्टूल ओढायचे, तो बरा कान टीव्हीच्या आवाजाच्या जाळीला टेकवायचे आणि प्रवचन ऐकायचे. चित्राकडे बघायचेसुद्धा नाहीत. "ह्याच्या आवाजाला छाती हाय," म्हणायचे.

मग अँटेनावर दिसायचं तेच बंद झालं. पडद्यावर नुसत्या मुंग्या. आमच्या ह्यांनी गच्चीवर डिशची छत्री बसवून घेतली, पण छत्रीच्या बॉक्सच्या लाल-पिवळ्या-पांढऱ्या पिना लावायला मामांच्या टीव्हीला जागाच नव्हती. मागे एकच भोक, अँटेनाचं. मी लातूरला मावसबहिणीच्या डोहाळजेवणाला निघाले होते. हे म्हणाले, "जुन्याला चालनारा बॉक्स भेटला तर आन. न्हाई भेटला, तर दिवाळीला नवाच घेऊ. भिंतीवरचा."

ऐकलंत ना? न्हाई भेटला तर!

भिंतीवरचा टीव्ही — कसं सांगू, किती हवा होता मला! जावेकडे होता, माहेरी होता, समोरच्या सायकलवाल्याकडेसुद्धा होता. आमच्याकडे पाहुणे आले की त्या ढेरपोट्याकडे बघून गालात हसायचे, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एवढ्याशा गोष्टीचं? हो, एवढ्याशाच.

लोक वस्तू मिळावी म्हणून बाजार फिरतात. मी लातूरच्या बाजारात, गंजगोलाईत, फिरत होते ती मिळू नये म्हणून. पहिल्या दुकानात "नाही" ऐकलं आणि पायांत बळ आलं. दुसऱ्या दुकानातला माणूस हसला — तसलं आता कुठं मिळतंय, ताई? तिथल्याच भिंतीवरचा एक टीव्ही मी मनातल्या मनात आमच्या भिंतीला टांगून पाहिला. तिसरीकडे नाही. चौथीकडे नाही! चौथ्या नकारावर तर मी स्वतःलाच उसाचा रस पाजला.

तिथूनच परत फिरायचं होतं. पण उद्या कुणी विचारलं तर छातीठोक सांगता यावं — म्हणून पाचवं दुकान. गल्लीतलं, बारकं, म्हातारा दुकानदार एकटाच बसलेला. मी नावाला विचारलं. तो म्हणाला, "हाय की!"

त्यानं बॉक्स काढला, फडक्यानं पुसला, टेबलाखालच्या तसल्याच ढेरपोट्या टीव्हीला एका वायरीनं जोडला आणि — चित्र! लख्ख! आवाज तर दुकानाबाहेर गेला. खोटं कशाला बोलू, मी टाळी वाजवली. आणि दुसऱ्याच क्षणी माझा भिंतीवरचा टीव्ही भिंतीवरून उतरला.

"नको" असं ओठांवर आलं होतं. तेवढ्यात म्हाताऱ्यानं बॉक्स कपाळाला लावला. "दुपार झाली बगा ताई. तुमचीच बोहनी."

आता काय करणार? मी दुकानदाराच्या घरची सून. बोहनीच्या दुकानातून रिकाम्या हातानं उतरू नये, त्या माणसाचा सगळा दिवस खोटा जातो — हे मला मामांनीच शिकवलेलं. मी बॉक्स घेतला. त्या अनोळखी माणसाचा दिवस मी मोडला नाही.

बसमध्ये बॉक्स पिशवीत, वर डोहाळजेवणाचे लाडू. ठरवलं कधी? काही ठरवलंच नव्हतं म्हणायला मला आवडेल. पण बस रेणापूरच्या स्टँडात शिरली तेव्हा माझं वाक्य तयार होतं.

मामा दारातच स्टुलावर बसलेले. "भेटला का?"

मी त्यांच्या बऱ्या कानाशी वाकले. "नाही मामा. सगळं लातूर पालथं घातलं. तसले बॉक्स निघायचेच बंद झालेत."

त्यांनी माझ्या धुळीनं भरलेल्या पायांकडे पाहिलं. "लई दमलीस माय. आधी पानी पी." आणि स्वतः उठून माठातलं पाणी आणून दिलं. मी ते प्यायले. गटागटा.

दिवाळीला नवा टीव्ही आला. काय रंग होते! मी लहान पोरीसारखी नाचले. जुना भंगारवाल्याच्या गाड्यावर चढायच्या आधी मामांनी त्याला तीन बोटं विभूती ओढली. मी आत रिमोट घेऊन बसले होते, बाहेर गेले नाही.

नवा टीव्ही उंचावर, तिथे कान कसा पोचणार? मामा खुर्चीत बसून बघतात. "चित्र लई साफ हाय," म्हणतात. एकदा पुसताना माझ्या हातून आवाज बंद झाला, पार बंद. अर्ध्या तासानं आले तर पडद्यावर प्रवचनाचे महाराज नुसतेच ओठ हलवत होते, आणि मामा खुर्चीत बसून मान डोलवत होते. गुपचूप आवाज वाढवला आणि भाजी निवडायला गेले.

त्यालाही आता वर्षं झाली. बॉक्स माळ्यावर आहे, कुरडयांच्या डब्यात तळाशी. आणि तो भिंतीवरचा टीव्ही मला अजूनही आवडतो.

यंदाच्या खंडेनवमीला मामा स्टुलावर चढले आणि त्यालाही तीन बोटं ओढली. घरात पाहुणे होते. वरूनच त्यांना म्हणाले, "जुन्यासाठी आमच्या सूनबाईनं सगळं लातूर पालथं घातलं व्हतं. लई जीव हाय तिचा माझ्यावर."

मी विभूतीचं ताट धरून खाली उभी होते. मान खाली घातली. पाहुण्यांना वाटलं, लाजले.